राष्ट्रध्वजावरील धम्मचक्र : आरे, अर्थ आणि अट

आमच्या पाली वर्गात दरवर्षी १५ ऑगस्टच्या सुमारास एक प्रश्न हमखास निघतो : राष्ट्रध्वजावरील चक्राला २४ आरे का? विचारणारा कधी शाळेत जाणारा मुलगा असतो, तर कधी ध्वजवंदनाच्या कार्यक्रमात चार शब्द बोलावयाचे असलेला कार्यकर्ता. उत्तरेही तयार असतात. कोणी दिवसाचे २४ तास सांगतो, कोणी २४ सद्‌गुणांची यादी वाचून दाखवितो, तर कोणी प्रतीत्यसमुत्पादाच्या १२ निदानांचा अनुलोम व प्रतिलोम क्रम आऱ्यांशी जुळवून देतो. उत्तर देणाऱ्यांच्या श्रद्धेविषयी आम्हांस शंका नाही. परंतु श्रद्धेने दिलेले उत्तर आणि पुराव्याने दिलेले उत्तर यांत भेद केला पाहिजे, ही तथागतांच्याच शिकवणुकीची मागणी आहे. म्हणून हे चक्र ध्वजावर कसे आले, ते कोठून घेतले आणि पाली वाङ्मयात चक्राला कोणता अर्थ आहे, या तीन गोष्टींचा क्रमाने विचार करण्याचे आम्ही योजिले आहे.

चक्रापूर्वीचा ध्वज

आजच्या ध्वजाचा थेट पूर्वज १९२१ सालचा आहे. त्या वर्षी बेझवाडा, म्हणजे आजचे विजयवाडा, येथे अखिल भारतीय काँग्रेस समितीच्या बैठकीच्या वेळी आंध्रातील पिंगली वेंकय्या यांनी गांधीजींना लाल आणि हिरव्या रंगांच्या ध्वजाचा नमुना दाखविला. जालंधरचे लाला हंसराज यांनी त्यावर चरखा असावा असे सुचविले होते. गांधीजींनी इतर समाजांसाठी पांढरा पट्टा वाढविला. त्या काळी या रंगांचा अर्थ उघडपणे जमातींशी जोडलेला होता.

या चरखांकित ध्वजासाठी पहिला मोठा लढा आपल्या नागपुरात झाला. १ मे १९२३ पासून नागपूरच्या सिव्हिल लाइन्स भागात ध्वज घेऊन जाण्यावरील बंदी मोडण्यासाठी सत्याग्रह सुरू झाला. देशभरातून स्वयंसेवक आले आणि शेकडोंनी तुरुंगवास पत्करला. ऑगस्टमध्ये हा झेंडा सत्याग्रह समाप्त झाला. त्याच नगरीत ३३ वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, अशोक विजयादशमीस एका वेगळ्या चक्राचे प्रवर्तन झाले, हे वाचकांस सांगावयास नको.

रंगांना जमातींचे अर्थ लावल्याने वाद वाढू लागले, तेव्हा १९३१ मध्ये काँग्रेसने ध्वजाचा पुनर्विचार केला. त्यासाठी नेमलेल्या समितीने संपूर्ण केशरी ध्वजाची शिफारस केली होती, पण ती मान्य झाली नाही. ऑगस्ट १९३१ मध्ये मुंबईच्या बैठकीत केशरी, पांढरा आणि हिरवा असे तीन आडवे पट्टे व मध्यभागी गडद निळा चरखा असा ध्वज ठरला. रंगांना कोणताही जातीय अर्थ नाही, असे ठरावातच स्पष्ट करण्यात आले. केशरी धैर्य व त्यागाचा, पांढरा शांती व सत्याचा, हिरवा श्रद्धा व शौर्याचा आणि चरखा जनसामान्यांच्या आशेचा, असा त्याचा उलगडा केला गेला.

येथे एका तपशिलाकडे आम्ही लक्ष वेधू इच्छितो. आपल्या चळवळीत निळ्या रंगाला जे स्थान आहे, त्यामुळे ध्वजावरील चक्राच्या निळाईचा संबंध पुष्कळदा त्याच्याशी लावला जातो. परंतु चक्र येण्याच्या १६ वर्षे आधीच ध्वजाच्या मध्यभागी निळा रंग होता, आणि तो चरख्याचा होता. चक्र आले ते चरख्याच्या जागी, चरख्याच्याच रंगात.

१९४७ चा निर्णय

स्वातंत्र्य दृष्टिपथात येताच संविधान सभेने जून १९४७ मध्ये ध्वजासाठी एक समिती नेमली. डॉ. राजेंद्रप्रसाद अध्यक्ष होते. मौलाना आझाद, सरोजिनी नायडू, राजगोपालाचारी, मुन्शी आणि बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे तिच्या सदस्यांपैकी होते. एका पक्षाचा ध्वज सर्व देशाचा करावयाचा तर त्यात काही बदल आवश्यक होता. समितीने तीन रंग कायम ठेवले आणि चरख्याच्या जागी सारनाथचे अशोकचक्र स्वीकारले.

२२ जुलै १९४७ रोजी जवाहरलाल नेहरूंनी संविधान सभेत ठराव मांडला आणि तो एकमताने संमत झाला. या ठरावाचा मजकूर बारकाईने वाचण्यासारखा आहे. पांढऱ्या पट्ट्याच्या मध्यभागी निळे चक्र असेल आणि ते चरख्याचे प्रतिनिधित्व करील, असे त्यात प्रथम म्हटले आहे. त्यानंतर त्या चक्राची घडण सारनाथच्या अशोकस्तंभशीर्षावरील चक्राप्रमाणे असेल, असे सांगितले आहे. म्हणजे ठरावाच्या भाषेत चक्राचे रूप अशोकाचे आहे आणि त्याने सुचवावयाचे आहे चरख्याला. दोन्ही बाजू सांभाळणारी ही रचना होती. तरीही चरखा गेल्याबद्दल गांधीजींनी नाराजी व्यक्त केलीच.

नेहरूंनी आपल्या भाषणात एक व्यावहारिक कारणही दिले. चरख्याच्या चित्रात चाक एका बाजूस व चाती दुसऱ्या बाजूस असते, त्यामुळे ध्वज उलट बाजूने पाहिला की चित्र उलटे दिसते. चक्र मात्र दोन्ही बाजूंनी सारखेच दिसते. परंतु ते येथेच थांबले नाहीत. या चक्रामुळे ध्वजाशी अशोकाचे नाव जोडले गेले याचा आनंद त्यांनी बोलून दाखविला, आणि अशोकाच्या काळी या देशाचे दूत साम्राज्यासाठी नव्हे तर शांतीसाठी दूर देशी गेले, याची आठवण करून दिली. त्याच चर्चेत डॉ. राधाकृष्णन यांनी हे चक्र धर्माचे चक्र आहे, सत्य व सदाचरण ही या ध्वजाखाली काम करणाऱ्यांची नियामक तत्त्वे असावीत आणि चक्र म्हणजे गती, असा अर्थ मांडला.

या निर्णयातील बाबासाहेबांच्या वाट्याविषयी आपल्यात बरेच बोलले जाते. निर्णय समितीचा होता आणि ठराव सर्व सभेचा होता, हे प्रथम मान्य केले पाहिजे. बाबासाहेब त्या समितीत होते, हेही तितकेच नोंदलेले सत्य आहे. १९५४ च्या डिसेंबरमध्ये रंगून येथे बौद्ध परिषदेच्या प्रसंगी पाली अध्ययनाची तरतूद आणि अशोकचक्राचा राष्ट्रीय चिन्ह म्हणून स्वीकार या गोष्टी आपल्या प्रयत्नांची फळे म्हणून त्यांनी सांगितल्याचे धनंजय कीर यांच्या चरित्रग्रंथात आले आहे. एवढा आधार आपल्या अभिमानास पुरेसा आहे. त्यात पदरचे प्रसंग मिसळून कथा रचण्याची गरज नाही.

सारनाथचा स्तंभ

आता ज्या चक्रावरून हे चक्र घेतले त्याकडे वळू. वाराणसीजवळील सारनाथ म्हणजे पाली ग्रंथांतील इसिपतन मिगदाय. १९०४-०५ च्या उत्खननात एफ. ओ. ओर्टेल यांना तेथे अशोकाच्या स्तंभाचे शीर्ष मिळाले. चुनारच्या वालुकाश्माचे, आरशासारखी झिलई असलेले हे शीर्ष सुमारे ७ फूट उंच असून आज सारनाथच्याच संग्रहालयात आहे. खाली उलट्या कमळासारखा घंटाकार भाग, त्यावर गोल बैठक आणि बैठकीवर पाठीला पाठ लावून बसलेले चार सिंह अशी त्याची रचना आहे. बैठकीच्या कडेवर हत्ती, बैल, घोडा आणि सिंह कोरलेले आहेत आणि प्रत्येक दोन प्राण्यांमध्ये एक चक्र आहे. ही चार चक्रे प्रत्येकी २४ आऱ्यांची आहेत. राष्ट्रध्वजावर आले ते हे चक्र. २६ जानेवारी १९५० रोजी हेच शीर्ष राजमुद्रा म्हणून स्वीकारले गेले. आपल्याकडे कार्ले येथील चैत्यगृहासमोरच्या स्तंभावरही असेच चार सिंह आहेत.

पुष्कळांना ठाऊक नसते ते पुढेच आहे. सारनाथच्या चार सिंहांच्या डोक्यांवर मुळात आणखी एक मोठे चक्र होते. ते भंगलेल्या तुकड्यांच्या रूपाने सापडले. त्या तुकड्यांवरून त्याला ३२ आरे असावेत, असे अभ्यासकांनी ठरविले आहे. म्हणजे एकाच स्तंभावर, एकाच राजाच्या कारागिरांनी, दोन वेगवेगळ्या संख्यांचे आरे कोरले. राजमुद्रेत हे वरचे चक्र घेतलेले नाही. त्यामुळे आज आपणांस सिंह वर दिसतात. मूळ शिल्पात मात्र सिंहांच्याही वर धम्मचक्र होते. बळापेक्षा धम्म वर, एवढा अर्थ त्या रचनेवरून काढण्यास हरकत नसावी.

या स्तंभाचा तळचा तुटका भाग आजही मूळ जागी उभा आहे आणि त्यावर अशोकाचा लेख आहे. संघात कोणीही फूट पाडू नये, जो भिक्षू अथवा जी भिक्षुणी संघभेद करील तिला पांढरी वस्त्रे नेसवून आवासाबाहेर ठेवावे, अशी त्यात आज्ञा आहे. ज्या दगडावरून आपले राष्ट्रीय चक्र घेतले, त्याच दगडावर फुटीविरुद्धची आज्ञा कोरलेली आहे, ही गोष्ट ध्वजावरील भाषणांत क्वचितच सांगितली जाते.

२४ आऱ्यांचा प्रश्न

आता मुलांच्या प्रश्नाचे उत्तर देता येईल. पाली तिपिटकात २४ आऱ्यांचे धम्मचक्र कोठेही वर्णिलेले नाही. ग्रंथांत चक्राचे वर्णन येते ते ‘सहस्सार’ असे, म्हणजे हजार आऱ्यांचे, परीघ व तुंबा यांसह सर्व अंगांनी परिपूर्ण. चक्रवर्ती राजाच्या चक्ररत्नाला आणि महापुरुषाच्या तळपायावरील चिन्हाला हेच विशेषण आहे. हजार आरे दगडात कोरता येत नाहीत, म्हणून शिल्पी आपल्या आकारमानाप्रमाणे संख्या निवडतो. सांची, भारहुत आणि अमरावती येथील चक्रांत आऱ्यांची संख्या एकसारखी नाही, याचे कारणही हेच असावे. अष्टांगिक मार्गाचे सूचक म्हणून आठ आऱ्यांचे चक्र पुढे रूढ झाले.

२४ ही संख्या बौद्ध परंपरेत अन्यत्र येते, हे खरे आहे. अभिधम्मातील पट्ठान ग्रंथात २४ प्रत्यय सांगितले आहेत. बुद्धवंसात गोतम बुद्धापूर्वीच्या २४ बुद्धांची चरित्रे आहेत. बोधिवृक्षाखाली तथागतांनी १२ अंगांच्या प्रतीत्यसमुत्पादाचे अनुलोम व प्रतिलोम चिंतन केले. धम्मचक्कप्पवत्तन सुत्तातही चार आर्यसत्यांचे ज्ञान तीन फेऱ्यांत व १२ आकारांत सांगितले आहे. परंतु एकाच संख्येला इतक्या गोष्टी जुळतात, याचा अर्थच असा की केवळ संख्येवरून यांपैकी कोणतीही सिद्ध होत नाही. अशोकाच्या कोणत्याही लेखात आऱ्यांचा उल्लेख नाही आणि १९४७ च्या ठरावातही त्यांचा अर्थ दिलेला नाही. चिंतनासाठी कोणी २४ आऱ्यांवर १२ निदाने दोनदा मोजली तर ते चिंतन स्तुत्यच आहे. तथापि ते चिंतन आहे, इतिहास नव्हे, हे मोजणाऱ्याने ध्यानी ठेवावे.

चक्र कोणाकडे राहते?

संख्येचा प्रश्न बाजूला सारला म्हणजे अर्थाचा प्रश्न उरतो. आमच्या मते खरा प्रश्न तोच आहे.

पाली वाङ्मयात दोन चक्रे आहेत. एक तथागतांचे धम्मचक्र. इसिपतनात पाच भिक्षूंना उपदेश करून ते प्रवर्तित झाले. दोन टोके टाळणारा मध्यम मार्ग आणि चार आर्यसत्ये हा त्याचा आशय. ते जगातील कोणालाही उलटे फिरविता येणार नाही, असे सुत्त सांगते. दुसरे चक्रवर्ती राजाचे चक्ररत्न. हे मात्र नाहीसे होऊ शकते. ते कसे नाहीसे होते, हे दीघनिकायातील चक्कवत्तिसीहनाद सुत्तात सांगितले आहे.

दळ्हनेमी नावाचा चक्रवर्ती वृद्ध झाला, तेव्हा त्याचे चक्ररत्न जागेवरून ढळले. त्याने पुत्राला राज्य देऊन गृहत्याग केला आणि सातव्या दिवशी चक्र अदृश्य झाले. नवा राजा व्यथित होऊन पित्याकडे गेला. पित्याने त्याला सांगितले की हे चक्र वडिलोपार्जित मालमत्ता नव्हे. चक्रवर्तीचे व्रत पाळशील तर ते तुझ्यासमोर प्रकट होईल. ते व्रत कोणते? धम्माच्या आश्रयाने राहून सर्वांचे रक्षण करणे, अगदी पशुपक्ष्यांचेही. राज्यात अधर्म होऊ न देणे. आणि राज्यात जे निर्धन असतील त्यांना धन देणे.

पुढे एका राजाने हे व्रत विचारून न घेता स्वमतानेच राज्य केले. ते नीट चालेना, तेव्हा अमात्यांच्या सल्ल्याने त्याने लोकांचे रक्षण केले. निर्धनांना मात्र धन दिले नाही. त्यातून दारिद्र्य वाढले, दारिद्र्यातून चोरी आली. राजाने चोरांचा शिरच्छेद करविला. ते पाहून लोकांनी शस्त्रे घडविली, गावे लुटली, हत्या वाढल्या, असत्य वाढले. ८० हजार वर्षांचे आयुष्य घटत घटत १० वर्षांवर आले. या कथेतील संख्या अक्षरशः घेण्याचे कारण नाही. तिचा तर्क मात्र आजही ताजा आहे. सुत्तातील राजाने संरक्षण दिले होते, शासनही केले होते. त्याने एकच गोष्ट टाळली, आणि तेथून सारे ढासळत गेले.

अशोकाने हे सुत्त ऐकले होते की नाही, यावर आम्ही काही म्हणत नाही. त्याच्या लेखांतून दिसणारे आचरण पुरेसे बोलके आहे. तेराव्या शिलालेखात त्याने कलिंगयुद्धात एक लाख माणसे मारली गेली आणि दीड लाख हद्दपार झाली हे स्वतःच नोंदविले, त्याबद्दल पश्चात्ताप व्यक्त केला आणि धम्मविजय हाच श्रेष्ठ विजय मानला. आपल्या सोपारा येथे ज्याचा अंश सापडला त्या आठव्या लेखात त्याने शिकारीच्या विहारयात्रा सोडून धम्मयात्रा सुरू केल्याचे सांगितले आहे. जिंकलेल्या माणसांची मोजदाद गौरवासाठी करणारे राजे पुष्कळ झाले. मारलेल्यांची मोजदाद पश्चात्तापासाठी करणारा राजा विरळा. त्याचे चक्र ध्वजावर घेणे, याचा अर्थ हा पश्चात्तापही ध्वजावर घेणे असा होतो.

ध्वज आणि त्याची अट

ध्वजाच्या बाह्य रूपाचे नियम काटेकोर आहेत. लांबी व रुंदीचे प्रमाण ३:२, नऊ प्रमाणित आकार, आणि प्रत्येक आकाराला चक्राचा व्यास ठरलेला. ९०० × ६०० मिलिमीटरच्या ध्वजात पांढरा पट्टा २०० मिलिमीटरचा आणि चक्र १८५ मिलिमीटरचे असते. २४ आरे समान अंतरावर हवेत आणि चक्र दोन्ही बाजूंनी दिसले पाहिजे. २००२ च्या ध्वजसंहितेने सर्वसामान्य नागरिकालाही वर्षभर ध्वज लावण्याची मोकळीक दिली. पूर्वी हाताने कातलेले व विणलेले कापडच चालत असे. डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीने यंत्रावर तयार झालेले व पॉलिएस्टरचे ध्वजही मान्य झाले. अशा रीतीने चरखा प्रथम ध्वजाच्या चित्रातून गेला आणि नंतर त्याच्या कापडासाठीही अनिवार्य राहिला नाही.

आऱ्यांचे अंतर पट्टीने मोजता येते. परंतु सुत्ताने चक्रासाठी घातलेली अट मोजावयाची तर मोजमाप निराळे घ्यावे लागते. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी ते मोजमाप सांगितले होते. २६ जानेवारी १९५० पासून राजकारणात समता आणि सामाजिक व आर्थिक जीवनात विषमता अशा विसंगतीच्या जीवनात आपण प्रवेश करणार आहोत, ही विसंगती लवकर दूर केली नाही तर विषमतेने पोळलेले लोक ही लोकशाहीची इमारत उद्ध्वस्त करतील, असा इशारा त्यांनी दिला. त्याच भाषणात भिक्षुसंघांना सभेच्या कामकाजाचे सर्व नियम ठाऊक होते, याची आठवणही त्यांनी दिली होती. या इशाऱ्यात आणि चक्कवत्तिसीहनाद सुत्तात जे साम्य आहे ते आम्ही वाचकांच्या विचारासाठी ठेवतो. दोन्हींचे म्हणणे असे की दारिद्र्य आणि विषमता यांकडे पाठ फिरविणाऱ्या राज्याला केवळ संरक्षण आणि शिक्षा यांच्या बळावर टिकता येत नाही.

म्हणून पुढील १५ ऑगस्टला कोणी विचारले की चक्राला २४ आरे का, तर आम्ही सरळ सांगू : सारनाथच्या शिल्पकाराने ते चक्र कोरताना २४ आरे कोरले, म्हणून. त्यावर मुलाचे समाधान होणार नाही, आणि ते होऊही नये. मग त्याला दळ्हनेमीची गोष्ट सांगावी. वडिलांकडून राज्य मिळाले, पण चक्र मिळाले नाही, त्यासाठी मुलाला व्रत पाळावे लागले, हे ऐकल्यावर तो पुढचा प्रश्न आपण होऊन विचारील : मग आपल्या ध्वजावरचे चक्र जागेवर आहे का? त्याचे उत्तर पाली ग्रंथांत शोधून मिळणार नाही. ते आपल्या वस्तीत, आपल्या गावात, ज्याच्या घरी अन्न नाही त्याच्या दारात उभे राहून द्यावे लागेल.